बॅटरीतील उष्णतेचा उद्रेक आणि महाड-पोलादपूरचा पावसाळा

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत मृगाची चाहूल लागली की घरोघर पावसाळ्याची सिद्धता सुरू होते. कौले चाळावयाची, सरपण आत घ्यावयाचे, गुरांचा पेंढा झाकून ठेवावयाचा, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. अलीकडच्या काळात त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे. आभाळ दाटून आले आणि वीज जाण्याची चिन्हे दिसू लागली की मोबाइल, पॉवर बँक, विजेरी, आणीबाणीचा दिवा, फवारणीचा पंप आणि दारातील विजेवर चालणारी स्कूटर ही सारी एकाच वेळी चार्जिंगला लागतात. विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणणाऱ्या या प्रदेशात आज एकेका घरात लहानमोठ्या दहा-पंधरा बॅटऱ्या सहज आढळतात.

या साठ्याचे मोल किती, हे येथील जनतेने अनुभवले आहे. दि. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहराचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तर पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज आणि दूरध्वनी दोन्ही बंद पडलेल्या अशा रात्री हातातील उजेड व मोबाइलमधील उरलीसुरली शक्ती हाच काय तो आधार असतो. म्हणूनच बॅटरीपासून दूर राहा, हा सल्ला येथे निरर्थक ठरतो. प्रश्न आहे तो जवळ बाळगावयाची ही शक्ती कशी सांभाळावी याचा. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा रात्री स्फोट होऊन एक सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दगावला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात नाशिक येथे ४० विद्युत स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागून त्यांतील २० गाड्या जळाल्या. अशा घटना एकूण वापराच्या मानाने थोड्या असल्या, तरी ज्या घरात ती घडते तेथे तिचे स्वरूप अत्यंत भीषण असते. याचे कारण या आगीच्या जातीत आहे.

उष्णतेची मिळकत आणि खर्च

भाताचा पेंढा पुरता न वाळवता उडवीत रचला तर काय होते, हे कोकणातील शेतकऱ्यास सांगावयास नको. बाहेरून उडवी गार लागते, पण आत हात घातला तर वाफ जाणवते. ओलसर गवतात चालणाऱ्या क्रियांनी उष्णता निर्माण होते आणि गंजी जेवढी मोठी व दाट, तेवढी ती उष्णता बाहेर पडणे कठीण. उष्णतेची मिळकत खर्चाहून अधिक झाली की शिल्लक साठत जाते. काही वेळा अशा गंज्या कोणी काडी न लावताही पेट घेतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या कामगारास हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने परिचित असते. ज्या भांड्यात उष्णता देणारी रासायनिक क्रिया चालते, त्या भांड्याभोवती थंड पाण्याचे वेष्टन असते व तापमापकावर सतत लक्ष ठेवावे लागते. पाण्याचा प्रवाह खंडित झाला तर तापमान वाढते, तापमान वाढल्याने क्रिया वेगाने चालते आणि वेगाने चाललेली क्रिया आणखी उष्णता देते. स्थूलमानाने पाहता, तापमान दर १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुप्पट होतो. उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाण मात्र एवढ्या झपाट्याने वाढत नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी १९२० च्या दशकात हा हिशेब गणिताने मांडला. रासायनिक क्रियांच्या गतीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका विशिष्ट तापमानापलीकडे मिळकत आणि खर्च यांचा मेळ पुन्हा बसत नाही. ही मर्यादा ओलांडल्यानंतर बाहेरून वीज तोडली तरी क्रिया थांबत नाही, कारण ती आता स्वतःच्याच उष्णतेवर चाललेली असते. बॅटरीतील उष्णतेचा उद्रेक तो हाच.

लिथियम-आयन सेल ही मुळात अगदी पातळ थरांची गुंडाळी होय. एका बाजूस तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, दुसऱ्या बाजूस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमयुक्त धातूच्या संयुगाचा लेप आणि दोहोंमध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा. या साऱ्यास भिजवणारा जो द्रव असतो, तो पाण्याचा नसून ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावकाचा असतो. सेलचे तापमान सुमारे ९० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचले की ग्रॅफाइटवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो व त्यातून उष्णता बाहेर पडते. सुमारे १३० अंशांना पॉलिथिनचा पडदा वितळतो. पडदा गेला की दोन्ही बाजू एकमेकींस भिडतात आणि सेलच्या पोटातच शॉर्टसर्किट होते. आणखी तापल्यावर, साधारणतः २०० अंशांच्या आसपास, निकेल व कोबाल्ट असलेल्या सेलमधील संयुग स्वतःच प्राणवायू सोडू लागते. ज्वालाग्राही द्रव, उष्णता आणि प्राणवायू ही तिन्ही अशा रीतीने एकाच डब्यात एकत्र येतात. गोधडी टाकून किंवा वाळू पसरून हवा तोडली की आग विझते, हा चुलीपाशी शिकलेला धडा येथे उपयोगी पडत नाही, तो यामुळेच.

या शक्तीची कल्पना एका लहानशा हिशेबाने येऊ शकेल. १८ मिलिमीटर व्यासाची व ६५ मिलिमीटर लांबीची, सुमारे ४५ ग्रॅम वजनाची एक सेल पूर्ण चार्ज असता तीत अंदाजे ९ वॉट-तास वीज साठलेली असते. एवढी सारी शक्ती सेलमध्येच उष्णतेच्या रूपाने मोकळी झाली तर तिचे तापमान सुमारे ७०० अंशांनी वाढू शकते. द्रवाच्या ज्वलनाची उष्णता त्याहून वेगळी. अशा कित्येक सेली स्कूटरच्या पेटीत खेटून बसवलेल्या असतात. एकीचा उद्रेक झाला की शेजारणीही मर्यादा ओलांडतात. अर्धवट चार्ज असलेली बॅटरी पूर्ण भरलेल्या बॅटरीपेक्षा कमी भयंकर असते, हेही या हिशेबावरून ध्यानात यावे.

लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम सेली या दृष्टीने अधिक सोशिक असतात. त्यांतील संयुग प्राणवायू सहजासहजी सोडत नाही. मात्र त्यांतील द्रवही ज्वालाग्राहीच असतो व तापल्यावर त्यांतूनही पेटणारे वायू निघतात. ‘या बॅटरीस आग लागूच शकत नाही’ असे विक्रेत्याने सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

हा धोका शास्त्रज्ञांस आरंभापासून ठाऊक होता. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तयार केलेल्या बॅटरीत शुद्ध लिथियम धातू वापरलेला असे. वारंवार चार्ज केल्यावर त्या धातूचे केसासारखे तंतू वाढत, ते पडद्यातून आरपार जात आणि बॅटरी पेट घेई. जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टच्या संयुगाचा मार्ग दाखवला आणि जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूऐवजी कार्बनयुक्त पदार्थ योजून वापरण्याजोगी बॅटरी सिद्ध केली. १९९१ मध्ये ती बाजारात आली व २०१९ मध्ये या तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु अतिवेगाने किंवा मर्यादेबाहेर चार्ज केल्यास आजच्या सेलमध्येही ग्रॅफाइटवर लिथियम धातू जमू शकतो आणि जुना धोका नव्याने उभा राहतो.

घाट, चार्जर आणि जिन्याखालची जागा

उद्रेकास आरंभ करून देणारी कारणे मोजकीच आहेत : बाहेरची उष्णता, मर्यादेबाहेरचे चार्जिंग, आघात, पाणी आणि सेलमधील मूळचा दोष. यांतील शेवटचे कारण ग्राहकाच्या हाती नाही. बाकीची बव्हंशी आहेत.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठावयाचे म्हणजे सुमारे सव्वा हजार मीटर चढावे लागते. स्कूटर व दोन माणसे मिळून अडीचशे किलो वजन धरले, तर नुसते ते वजन वर नेण्यासच सुमारे ०.८५ युनिट वीज लागते. रस्त्याचे घर्षण, वारा आणि मोटारीतील नाश यांचा खर्च निराळा. स्कूटरच्या बॅटरीत सामान्यतः २ ते ४ युनिट वीज मावते, हे पाहता घाट म्हणजे बॅटरीची कसोटीच होय. चढावर विद्युतप्रवाह सपाटीच्या दुप्पट झाला तर बॅटरीत निर्माण होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. कशेडी वा वरंध घाटाच्या बाजूस राहणाऱ्यांसही हा नियम तितकाच लागू आहे. म्हणून घाट चढून आलेली गाडी दारात येताच चार्जिंगला लावू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करून बॅटरी हातास कोमट लागेनाशी झाल्यावरच चार्जर जोडावा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी चार्ज करणे टाळावे, कारण बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांहून अधिक तापमानात चार्ज करावयाच्या नसतात.

चार्जरच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत साधी आणि बहुधा सर्वांत घातक आहे. ‘४८ व्होल्ट’ एवढेच दोन्हींवर लिहिलेले असते, पिनही बसते आणि मग कोणाचाही चार्जर कोणत्याही गाडीस लावला जातो. वस्तुतः निकेलयुक्त लिथियमच्या १३ सेलींची ४८ व्होल्टची बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, कारण प्रत्येक सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. लोह-फॉस्फेटच्या १६ सेलींची ‘४८ व्होल्ट’चीच बॅटरी ५८.४ व्होल्टपर्यंत भरावी लागते. हा दुसरा चार्जर पहिल्या बॅटरीस लावला तर प्रत्येक सेलवर सुमारे ४.५ व्होल्टचा ताण येतो. चांगल्या बॅटरीतील नियंत्रक यंत्रणा अशा वेळी प्रवाह तोडते. परंतु तीच यंत्रणा ‘गाडी मध्येच बंद पडते’ म्हणून एखाद्या कारागिराने वगळून टाकली असेल, तर मग रोखणारे कोणीही उरत नाही. गाडी वारंवार बंद पडणे हा बहुधा आजाराचा इशारा असतो. इशारा देणारी घंटाच काढून टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे.

२०२२ मधील आगींनंतर केंद्र शासनाने विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीची मानके कडक केली. सुधारित मानकांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. बॅटरीची नियंत्रक यंत्रणा, चार्जर, पेटीची रचना आणि एका सेलचा उद्रेक इतर सेलींत पसरण्याचा धोका यांचा त्यांत विचार केलेला आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक होय. जुनी गाडी घेताना तिची बॅटरी या तारखांच्या आधीची की नंतरची, ती मूळची की बाहेरून बांधून घेतलेली, याची चौकशी करणे रंग-रूप पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

चार्जिंगची जागा हा विषय घराच्या बांधणीशी निगडित आहे. महाडच्या बाजारपेठेतील जुन्या घरांत लाकडी जिना, त्याखाली मोकळी जागा व समोरच रस्त्यावर उघडणारा एकमेव दरवाजा अशी रचना पुष्कळ ठिकाणी दिसते. पावसापासून आडोसा म्हणून स्कूटर नेमकी तेथेच उभी राहते. तिने रात्री पेट घेतला तर माडीवर निजलेल्या माणसांची वाट प्रथम बंद होते. आगीपेक्षाही तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन फ्लोराइड यांसारख्या विषारी वायूंनी युक्त धूर अधिक वेगाने वर चढतो. खेड्यातील घरांत हीच गोष्ट ओटीची. म्हणून गाडी वा तिची काढलेली बॅटरी घराबाहेर, पावसाचा मारा न लागणाऱ्या आडोशास, पेंढा, सरपण, गॅस सिलिंडर व रॉकेल यांपासून दूर आणि घरातून बाहेर पडण्याच्या वाटेपासून बाजूला ठेवूनच चार्ज करावी. असे करणे काही घरांत गैरसोयीचे असते, हे खरे. तेथे निदान घरातील माणसे जागी असतानाच चार्जिंग आटोपावे आणि निजण्यापूर्वी बटण बंद करावे. मोबाइल उशीखाली किंवा गोधडीत ठेवून चार्ज करणे म्हणजे त्याच्या उष्णतेची बाहेर जाण्याची वाट आपल्या हाताने बुजवणे होय.

इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी ही या मंडळींत सर्वांत जुनी आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित. तिच्यातील द्रव पेट घेत नाही, पण चार्ज होताना तीतून हायड्रोजन वायू निघतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी स्फोटास पुरते. बंद कपाटात, अथवा देवघराखाली जेथे समई तेवते अशा ठिकाणी ती ठेवू नये. तिचे वय झाले की आणखी एक प्रकार घडतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांतील एक आतून शॉर्ट झाला तर सहांसाठी असलेला १३.८ व्होल्टचा दाब पाच कप्प्यांवर पडतो. प्रत्येकास २.३ ऐवजी सुमारे २.७६ व्होल्ट मिळतात, पाणी उकळल्यागत खदखदते, पेटी तापते आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. अशी बॅटरी पाणी घालून बरी होत नाही. चार्जिंग तत्काळ बंद करून, खिडक्या उघडून ती बदलावयास हवी.

पुरात भिजलेली बॅटरी

महाडच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा भाग हा आहे. बॅटरी ‘वॉटरप्रूफ’ असल्याचे विक्रेते सांगतात. ‘आयपी ६७’ या खुणेचा अर्थ असा की ठरलेल्या चाचणीत ती पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली असता आत अपायकारक प्रमाणात पाणी शिरले नाही. नव्या पेटीची, स्वच्छ व स्थिर पाण्यातील ही चाचणी होय. २०२१ चा पूर एक मीटर खोलीचा नव्हता आणि अर्ध्या तासात ओसरणाराही नव्हता. त्यातच खाचखळग्यांनी पेटीचे झाकण सैल झालेले असेल, तर त्या खुणेचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

पुराचे पाणी निव्वळ पाणी नसते. त्यात गाळ असतो, क्षार असतात, गटारांचे व दुकानांतील मालाचे पाणी असते. असे पाणी वीज वाहून नेते. सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीस मिळते. एके काळी महाड हे या जलमार्गाने व्यापार करणारे बंदर होते. दासगावच्या बाजूस भरती-ओहोटीचा परिणाम जाणवतो. खाऱ्या पाण्याचा अंश जितका अधिक, तितका धोका अधिक. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात इयान चक्रीवादळाने समुद्राचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा बुडालेल्या काही विद्युत मोटारींनी पाणी ओसरल्यानंतर काही दिवसांनी, काहींनी तर आठवड्यांनंतर पेट घेतला. पाणी सुकते, पण क्षारांचा थर मागे उरतो. तांबे गंजते, जोडांमध्ये विजेच्या आडवाटा तयार होतात आणि हळूहळू तापत जाणारी एखादी सेल अखेरीस मर्यादा ओलांडते.

पूर ओसरल्यावर घरोघर जे दृश्य दिसते, त्यात भिजलेल्या वस्तू उन्हात मांडणे हे ओघाने येतेच. गाद्या, धान्य, कागदपत्रे यांबरोबर बॅटऱ्याही उन्हात मांडल्या जातात आणि संध्याकाळी ‘चालते का पाहू’ म्हणून चार्जिंगला लावल्या जातात. नेमके हेच करावयाचे नाही. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी सुकल्यासारखी दिसली तरी ती चार्ज करू नये, गाडी सुरू करून पाहू नये आणि पेटी उघडू नये. तिला हात लावण्यापूर्वी घराचा मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी. गाडी ढकलत मोकळ्या जागी, शक्यतो घरापासून १५ मीटर अंतरावर न्यावी व विक्रेत्याच्या जाणकार माणसाने तपासेपर्यंत तेथेच राहू द्यावी. पूर येण्यापूर्वी वेळ मिळाल्यास सुटी होणारी बॅटरी काढून कोरड्या उंच जागी ठेवणे उत्तम. मात्र ती माळ्यावर पेंढ्यालगत ठेवली तर एक संकट टाळताना दुसरे ओढवून घेतल्यासारखे होईल.

उद्रेकाची पूर्वसूचना बहुतेकदा मिळते. पेटी फुगणे, द्रावकासारखा गोडसर उग्र वास, फुसफुस किंवा तडतड आवाज, एकाच जागी जाणवणारी असह्य उष्णता ही ती चिन्हे होत. धूर नसेल तर मुख्य स्विच बंद करावा आणि बॅटरी लहान असल्यास कोरड्या फडक्याने वा चिमट्याने धरून अंगणात न्यावी. धूर निघू लागल्यानंतर मोठ्या बॅटरीस हात लावू नये. घरातील सर्वांनी बाहेर पडावे, जाताना दार ओढून घ्यावे व १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवताना आग बॅटरीची आहे हे स्पष्ट सांगावे. अशा आगीत पाणी उपयोगी पडते ते ज्वाळा विझवण्याहून अधिक सेली थंड करण्यासाठी, म्हणून ते भरपूर आणि बराच वेळ मारावे लागते. मोबाइलसारख्या लहान वस्तूवर, तिची विजेची जोडणी तोडल्यानंतर, दुरून बादलीभर पाणी ओतणे योग्य ठरते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, हे मदतीस आलेल्या शेजाऱ्यांनीही लक्षात ठेवावे व ती घरात परत नेऊ नये.

निकामी झालेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट लावण्यासाठी दि. २४ ऑगस्ट २०२२ पासून देशात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अमलात आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या ठेवून विक्रेत्याकडे अथवा संकलन करणाऱ्याकडे द्यावयाच्या आहेत. फुगलेली वा भिजलेली बॅटरी घंटागाडीत टाकली तर ती दाबली जाऊन कागद-प्लॅस्टिकच्या ढिगात पेटण्याचा संभव असतो. ती देईपर्यंत तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती पत्र्याच्या डब्यात, कोरड्या वाळूत, झाकण घट्ट न लावता घराबाहेर ठेवावी. भिजलेल्या बॅटऱ्या दुरुस्तीच्या दुकानांत विकावयास नेल्या जातात, त्यांतील सेली सोडवून पुन्हा नव्या पेट्यांत बांधल्या जातात आणि त्या पेट्या दुसऱ्याच कोणाच्या घरात जातात. तेव्हा देणाऱ्याने त्यावर ‘पुरात बुडालेली’ असे ठळक अक्षरांत लिहून द्यावे.